दिल्ली दरबार, 1911: फिल्मवरचे सयाजीराव

12 डिसेंबर 1911. दिल्ली दरबारात आपले सयाजीराव महाराज पाचव्या जॉर्जपुढे एकदाच लवले आणि पाठ फिरवून निघाले. एरवी ही दरबारी कुजबुजच राहिली असती. पण तिथे कॅमेरे होते! फिल्म लंडनच्या थिएटरांत लागली, आणि तिथल्या प्रेक्षकाला बडोद्याचा राजा राजद्रोही दिसला. संशय आधीचाच, अरविंद घोष बडोदा कॉलेजात शिकवून गेलेले. महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंजना पत्र लिहून दिलगिरी कळवली.

ती फिल्म मी थांबवून थांबवून पाहिली (इंजिनियरची खोड). काही क्षणांचीच हालचाल. गोंधळ होता की बंड, तिच्यावरून ठरत नाही. लंडनने बंड धरलं. आपण बडोदेकरही तेच धरतो, फक्त अभिमानाने. ते दिलगिरीचं पत्र मात्र कुणी काढत नाही.