वेताळ, डेंकाली आणि आमच्याकडचे पोड

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेले 'इंद्रजाल कॉमिक्स' १९९० मध्ये बंद पडले. ली फॉक यांचा 'फँटम' अमेरिकी वृत्तपत्रांत १९३६ साली अवतरला होता; मराठी इंद्रजालमध्ये तो 'वेताळ' झाला. पांढरकवड्याच्या एसटी स्टँडवर मिळणारे अंक आम्ही पोरे पाने सुटेपर्यंत फिरवत असू. फ्लॅश गॉर्डनची अंतराळयानेही याच मालिकेत होती. तरी माझ्या वयाच्या वाचकांशी बोलताना यानांच्या आधी कवटीची गुहा निघते. असे का व्हावे?

माझ्या मते पहिले श्रेय नावाला. वेताळ म्हणजे भुताखेतांचा अधिपती, गावाबाहेर शेंदूर लावून पुजलेला. परका नायक बारशालाच आपला झाला. दुसरे श्रेय परंपरेला. या नायकाकडे अलौकिक शक्ती नाही. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला मूळ पुरुष बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतो आणि ती एकविसाव्या पिढीपर्यंत पाळली जाते. प्रत्येक पिढी आपला वृत्तांत गुहेतल्या ग्रंथांत लिहून ठेवते. बखरींच्या मुलखातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटले. जंगलातले लोक त्याला अमर मानतात. गुपित फक्त वाचकाला ठाऊक. त्या वयात याहून मोठा मान कोणता?

भारतीय वाचक दुखावू नये म्हणून संपादकांनी बंगालची आठवण देणारे देशाचे नाव बदलून 'डेंकाली' केले, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' केले. चौकट मात्र तीच राहिली: जमाती भोळ्या, रक्षक गोरा.

आमच्या वर्गात कोलामांच्या पोडावरून येणारा एक मुलगा होता. बांदर पिग्मींच्या चित्रावर बोट ठेवून तो एकदा म्हणाला, "हे त आमच्यावानीच हायेत." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. त्यानंतर त्याने अंक मागितला नाही. आम्ही प्रत्येक जण मनातून वेताळ होतो. त्याला त्या चित्रात कुठली जागा मिळाली होती, हे मला फार उशिरा कळले. नावे बदलताना ज्यांच्या भावनांचा विचार झाला, त्या वाचकांत तो धरलेलाच नव्हता.

मालिकेवरचे माझे प्रेम आटलेले नाही. उरलेले अंक ट्रंकेत जपून ठेवले आहेत. पण तिच्या मोहिनीचा इतिहास लिहायचा, तर त्या हसण्याचीही नोंद करावी लागते.