उंदीर पडला की...

'उंदीर पडला' एवढे शब्द कानावर आले, की प्लेगच्या काळात माणसे घरदार सोडून माळावर झोपड्या घालून राहत. उंदीर मरतो आणि मागोमाग माणूस, हे लोकांनी पाहिले होते. का, ते कळत नव्हते.

१८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला. सरकारने घरे औषधाने धुतली, रोगी हुडकून इस्पितळात नेले. रोग हटेना. १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदराच्या पिसवेकडे बोट दाखवले. पण बहुतेकांना ते पटले नाही.

त्याचा उलगडा आपल्या भोईवाड्याशेजारी, परळला झाला. जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा आली होती. १९०५ पासून प्लेग कमिशनच्या संशोधकांनी तिथे छोट्या खोल्या बांधून रोगी आणि निरोगी गिनिपिग एकत्र ठेवले. पिसवा नसतील, तिथे रोग पसरला नाही. पिसवांच्या उडीपलीकडे टांगलेल्या पिंजऱ्यातली जनावरेही वाचली. उंदीर मेला, अंग थंड पडले, की पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधतात. लोकांचे घर सोडणे शहाणपणाचेच होते!

घरातला काळा उंदीर कौलांत, माळ्यावर राहतो आणि रात्री धान्यावर उतरतो. म्हणून नुसता पिंजरा लावून भागत नाही. भिंतीतली भोके सिमेंटने बुजवा, मोरीला जाळी बसवा, धान्य पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नका.