एका तिकिटाचा खटला

ता. ७ जून १८९२ रोजीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं होमर प्लेसी नांवाचा एक जोडे शिवणारा कारागीर पहिल्या वर्गाचें तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यांत जाऊन बसला. त्याच्या अंगीं आफ्रिकी रक्ताचा अंश अवघा एक अष्टमांश होता, असें खटल्याच्या कागदांत नमूद आहे. तोंडवळ्यावरून त्याचा वर्ण ओळखूं येत नसे. म्हणून तो त्यास विचारावा लागला. त्यानें तो सांगितला, आणि जागा सोडण्यास नकार दिल्यामुळें त्यास अटक झाली.

हा प्रसंग आकस्मिक नव्हता. लुइझियाना संस्थानानें १८९० सालीं काळ्यागोऱ्यांस निरनिराळे डबे सक्तीचे करणारा कायदा केला होता. तो न्यायालयाच्या कसोटीस लावण्यासाठीं तेथील कृष्णवर्णीय नागरिकांनीं १८९१ मध्यें समिति स्थापून वर्गणी जमविली; प्लेसीस धरणारा खासगी गुप्तहेरही तिनेंच नेमला होता. या कायद्यांत एक अपवाद होता. परवर्णाचीं मुलें सांभाळणाऱ्या दायांस तो लागू नव्हता. म्हणजे कृष्णवर्णीय स्त्री गोरें मूल मांडीवर घेऊन बसली तर डबा विटाळत नसे. तीच स्वतःच्या हक्कानें बसली कीं विटाळे. हा शब्द मीं जाणूनच योजिला आहे. मराठी वाचकास तो उलगडून सांगावयास नको.

ता. १८ मे १८९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध एक अशा मतानें प्लेसीविरुद्ध निकाल दिला. डबे वेगळे केल्यानें समता भंगत नाहीं. त्यांत कोणास कमीपणा वाटत असेल तर तो त्याच्याच समजुतीचा दोष, असा बहुमताचा आशय होता. गुलाम बाळगणाऱ्या घराण्यांत वाढलेल्या न्यायमूर्ति हार्लन यांनीं एकट्यानें मात्र, राज्यघटनेस वर्ण दिसत नाहीं, असें भिन्न मत नोंदविलें. प्लेसीस २५ डॉलर दंड झाला, समिति मोडली.

मग या खटपटीनें मिळविलें काय? माझ्या मतें, तिनें अन्यायास आपलीं कारणें लेखी द्यावयास लाविलें. रूढि मुकी असते. तिच्याशीं वाद घालतां येत नाहीं. निकालपत्र बोलतें, आणि जें बोललें जातें त्याचें खंडन होऊं शकतें. शाळांच्या बाबतींत तें १९५४ सालीं झालें. प्लेसी १९२५ सालीं वारला. त्यास सरकारी माफी मिळाली ती २०२२ सालीं. माफी अपराध्यास देतात. प्लेसीनें तर तिकिटाचे पैसे भरले होते.