काडतुसाच्या पुंगळीची मान कातणे

रायफलच्या पितळी पुंगळीचा जो अरुंद भाग गोळी धरून ठेवतो त्याला मान म्हणतात. या मानेची बाहेरची बाजू बारीक पात्याने कातून तिच्या भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आणि ठरलेल्या मापाची करण्याचे हे काम आहे. काडतुसे स्वतः भरणाऱ्या नेमबाजांत, मुख्यतः अमेरिकेत, ते रूढ आहे. टेबलावर टेकवलेल्या रायफलने अत्यंत अचूक नेम साधण्याच्या ‘बेंचरेस्ट’ स्पर्धांमध्ये ते अचूकतेसाठी करतात. एका जातीच्या पुंगळीपासून दुसऱ्या जातीची पुंगळी घडवताना मात्र अचूकतेचा प्रश्न मागे पडतो आणि सुरक्षिततेसाठीच मान कातावी लागते.

पुंगळीचे पितळ ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. बार उडाला की वायूच्या दाबाने मान फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला टेकते, तिची पकड सुटते आणि गोळी नळीत शिरते. फुगायला जागा असेल तरच हे घडते. गोळी बसवलेल्या मानेचा बाहेरचा व्यास चेंबरच्या मानेइतकाच भरला, तर गोळी चिमटीत सापडल्यासारखी अडकते आणि दाब धोकादायक पातळीला जातो. काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा बोल्ट बंद होताना जड लागला तर ती धोक्याची खूण समजावी. पण बोल्टच्या दांड्याला तरफेचा मोठा जोर मिळतो, त्यामुळे जाड मानेचे काडतूसही कधीकधी हाताला काही न जाणवता आत ढकलले जाते. म्हणून हाताच्या अंदाजावर न विसंबता मायक्रोमीटरने मापच घ्यावे लागते. शिकारीच्या रायफलमध्ये मानेच्या व्यासाला निदान ०.०५ मिमी मोकळीक असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

रूपांतरात मान जाड का होते, हे धातूच्या हिशेबाने कळते. .३०८ विंचेस्टरची मान दाबून .२४३ विंचेस्टरच्या मापाला आणली की परिघ सुमारे एक पंचमांशाने घटतो. तिथले पितळ कुठे नाहीसे होत नाही. काही लांबीत जाते, उरलेले भिंतीच्या जाडीत भर घालते. .२२३ रेमिंग्टनपासून .३०० ब्लॅकआउट करताना तर जुनी मान आणि खांदा (मान व धड जोडणारा उतरता भाग) कापूनच टाकतात, आणि नवी मान धडाच्या भिंतीतून घडवली जाते. भरलेल्या .३०० ब्लॅकआउटच्या मानेचा कमाल व्यास ८.४८ मिमी आणि गोळीचा ७.८२ मिमी आहे. म्हणजे भिंतीच्या वाट्याला जेमतेम ०.३३ मिमी येतात. धडाची जाडी प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते. त्यामुळे काही पुंगळ्या कापून लगेच वापरता येतात, तर काहींची मान कातल्याशिवाय गत्यंतर नसते.

या कामाचे सर्वांत गाजलेले उदाहरण ६ मिमी पीपीसी हे काडतूस आहे. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोन अमेरिकन नेमबाजांनी ते १९७०च्या दशकात तयार केले, आणि नावातले दोन ‘पी’ या दोघांचे आहेत. त्याची मूळ पुंगळी .२२० रशियन ही आहे, आणि ती स्वतः सोव्हिएत ७.६२×३९ पासून निघालेली आहे. अचूक नेमबाजीतली ही सर्वांत नाजूक पुंगळी एका रांगड्या लष्करी काडतुसाच्या वंशातली निघावी, ही मौज आहे. येथे मान दाबण्याऐवजी ५.६९ मिमी गोळीच्या मापावरून ६.१७ मिमीच्या मापापर्यंत फुगवली जाते. त्यात भिंत थोडी पातळ होते, पण मुळातला असमानपणा तसाच राहतो. स्पर्धेच्या रायफलमध्ये चेंबरची मान बऱ्याचदा ०.२६२ इंच, म्हणजे ६.६५ मिमी ठेवलेली असते. त्यातून गोळीचा व्यास वजा करून उरलेल्याचे निम्मे केले की ०.२४ मिमी येतात. मोकळीक ठेवण्यासाठी भिंत सुमारे ०.२२ मिमीपर्यंत उतरवावी लागते. न कातलेली पुंगळी अशा चेंबरमध्ये बसतच नाही. हे ध्यानात राहावे म्हणून बंदूककार मानेचे माप नळीवर कोरून ठेवतात.

कातण्याआधी पुंगळीला नव्या मापाच्या साच्यातून काढून तिची लांबी सारखी करतात. मग मानेत मॅन्ड्रेल (ठरलेल्या मापाचा दांडा) घालून आतला व्यास गोल व एकसारखा करतात. कातणीचे पाते बाहेरून फिरते, पण ते जाडी मोजते आतल्या मॅन्ड्रेलपासून. आतली बाजू खडबडीत किंवा अंडाकार असेल तर दोष तसाच बाहेर उमटतो. कातणीचा मॅन्ड्रेल आधीच्यापेक्षा किंचित बारीक असतो, आणि वंगण नसेल तर पितळ त्याला चिकटून ओरखडे पाडते. अवजार हातात धरायचे छोटे असो की लेथवरचे, एकाच खोल घावापेक्षा आधी जाडसर आणि मग ०.०१–०.०२ मिमीचा शेवटचा हलका कट घेतलेला बरा. सलग काम करताना अवजार तापते आणि माप सरकते, हे नवशिक्याच्या लवकर लक्षात येत नाही. जाडी मोजायला गोल टोकाचा मायक्रोमीटर लागतो, कारण साध्याची सपाट टोके मानेच्या आतल्या गोलाईवर नीट बसत नाहीत.

सगळ्यात जास्त त्रास मान आणि खांदा यांच्या सांध्याचा असतो. मान फुगवताना खांद्याचे जाड पितळ मानेच्या मुळाशी येते आणि तिथे आतून एक कडे तयार होते. नेमबाज त्याला ‘डोनट’ म्हणतात. गोळीचे बूड तिथवर पोचले की पकड एकदम वाढते. मॅन्ड्रेलने हे कडे बाहेर ढकलून मग कातावे, आणि पाते खांद्यावर अगदी पुसट घासेल इतके पुढे न्यावे. त्यासाठी पात्याचा कोन खांद्याच्या कोनाशी जुळायला हवा (पीपीसीचा ३० अंश). फार पुढे नेले तर खांदा पातळ होतो आणि मान तिथूनच तुटून वेगळी होते. तरीही आत कडे उरलेच तर आतून कातणाऱ्या रीमरने काढतात.

दाबून, फुगवून पितळ कडक होते आणि त्यात ताण साठतो, म्हणून मान तापवून मऊ करतात. साठलेल्या ताणाचा धडा पूर्वी भारतात मिळाला होता. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की पुंगळ्यांना भेगा पडत. त्यामागे घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात कोंडलेला ताण यांची जोडी आहे, हे मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१मध्ये दाखवले. तापवताना पुंगळीचे बूड मात्र थंडच राहिले पाहिजे, कारण दाबाचा खरा भार तिथे असतो आणि मऊ पडलेले बूड फुटू शकते.

कारखान्यातून आलेल्या साध्या शिकारी रायफलसाठी, रूपांतर न केलेल्या पुंगळ्यांच्या माना कातत बसणे हा बहुतेक वेळा वेळेचा अपव्यय असतो. अशा चेंबरमध्ये मुळातच ऐसपैस जागा असते. कातून ती आणखी वाढवली की मान दर वेळी जास्त फुगते, साच्यात जास्त दाबावी लागते आणि लवकर चिरते. जाडीतला फरक फार मोठा असेल तर सगळीकडून न सोलता फक्त उंचवटे उतरवणे पुरेसे होते.

भारतात काडतुसे भरण्याचा हा छंद परवान्याशिवाय घरगुती पातळीवर करता येत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते.