तात्या विंचूची कुळकथा

नासिक जिल्ह्यांतील ओझर या गांवाची ख्याति दोन कारणांनीं आहे. पहिलें कारण जुनें. चंपाषष्ठीस तेथें खंडेरायाची यात्रा भरते, भंडारा उधळला जातो व बारा गाडे ओढले जातात. दुसरें कारण १९६४ सालापासूनचें. त्या वर्षीं तेथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पुढें सोव्हिएत रशियाच्या मिग जातीचीं लढाऊ विमानें तेथें बांधलीं जाऊं लागलीं. मूळ आराखडा रशियन इंजिनियरांचा, बांधणारे हात येथले. ही गोष्ट कोणी लपविली नाहीं. परवान्यानें व करारानें ती उघडच होती, आणि गांवाच्या नांवापुढें 'मिग' हा परका शब्द लागला तरी त्याचें कोणास वैषम्य वाटलें नाहीं. परक्याचें घेऊन आपलें करण्याचा हा एक प्रकार झाला. कलेच्या प्रांतांत हा व्यवहार इतका सरळ नसतो. तेथें उसनें काय आणि घरचें काय, याचा हिशेब बहुधा कोणी ठेवीत नाहीं. असा एक हिशेब आम्ही आज मांडून पाहणार आहों. त्याचा विषय आहे मराठी चित्रपटांतील एक खलपुरुष, तात्या विंचू.

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा बोलपट १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें कथासूत्र थोडक्यांत असें. तात्या विंचू नांवाचा एक नामचीन गुंड बाबा चमत्कार नामक मांत्रिकापाशीं मृत्युंजय मंत्र शिकतो. पोलिसांच्या गोळीनें प्राण जाण्याची वेळ येतांच तो त्या मंत्राच्या बळावर आपला जीव एका बाहुल्यांत घालतो. तो बाहुला लक्ष्या या भोळ्या तरुणाच्या हातीं पडतो. आणि ज्या माणसास आपलें गुपित प्रथम सांगितलें त्याच्याच देहांत शिरल्यावांचून पुन्हा मनुष्यदेह नाहीं असें कळल्यावर तात्या लक्ष्याच्या पाठीस लागतो. दिलीप प्रभावळकर यांनीं तात्या उभा केला, लक्ष्मीकांत बेर्डे लक्ष्या झाले, आणि बाहुला घडविला व खेळविला तो रामदास पाध्ये यांनीं. ज्यांचें बालपण त्यानंतरच्या तीस वर्षांत महाराष्ट्रांत गेलें त्यांपैकीं कित्येकांनीं एखादी रात्र तरी या बाहुल्याच्या भीतीनें डोक्यावर पांघरूण घेऊन काढली असेल.

ज्यांनीं इंग्रजी चित्रपट पाहिले आहेत ते येथें लगेच हरकत घेतील. त्यांचें म्हणणें असें कीं, ही कथा आमची नव्हेच. ती १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटाची आहे. हरकत खरी आहे. शिकागो शहरांतील चार्ल्स ली रे नांवाचा खुनी पोलिसांच्या गोळीनें घायाळ होऊन खेळण्यांच्या दुकानांत शिरतो, व्हूडू पंथाचा मंत्र म्हणतो आणि आपला जीव एका बाहुल्यांत घालतो. तोच चकी. त्यालाही मंत्र शिकविणारा गुरु आहे, आणि ज्यास प्रथम ओळख दिली त्याच्याच देहांत शिरण्याची अट त्यालाही आहे. फक्त तो देह अँडी नांवाच्या सहा वर्षांच्या मुलाचा आहे. इतकीं कलमें जुळल्यावर योगायोगाची भाषा बोलण्यांत अर्थ नाहीं.

परंतु वंशावळ काढावयास बसलें म्हणजे एकाच पिढीवर थांबून चालत नाहीं. चकीचा बाप कोण? कथाकार डॉन मॅन्सिनी यांची मूळ कल्पना मुलांना जाहिरातींनीं भुलविणाऱ्या खेळण्यांच्या व्यापारावर टीका करण्याची होती. तथापि जिवंत होऊन सूड घेणारी बाहुली अमेरिकेच्या घराघरांत दूरचित्रवाणीनें त्यापूर्वींच पोंचविलेली होती. 'ट्वायलाइट झोन' या मालिकेंत १ नोव्हेंबर १९६३ रोजीं 'लिव्हिंग डॉल' हा भाग दाखविला गेला. सावत्र मुलीच्या बोलक्या बाहुलीचा द्वेष करणारा एक बाप त्यांत आहे. किल्ली दिली कीं गोड बोलणारी ती बाहुली त्याच्यापाशीं मात्र त्याला मारण्याची भाषा करते, आणि शेवटीं तिच्यावरच पाय अडखळून तो जिन्यावरून पडून मरतो. पुढें १९७५ सालीं 'ट्रिलजी ऑफ टेरर' या दूरचित्रवाणीवरील चित्रपटांत हातांत भाला घेतलेली एक लांकडी मूर्ति एकट्या राहणाऱ्या बाईचा तिच्याच घरांत पाठलाग करते, आणि अखेरीस मूर्तींतील जीव त्या बाईच्या देहांत शिरतो. चकीच्या हातांतील सुरी, जमिनीलगत धांवणारी त्याची नजर, चेहऱ्यावरील निरागसपणा आणि जिभेवरील विष हा सर्व ऐवज या दोन खेळांत अगोदरच तयार होता. चकी हा त्यांचा वारस असावा, असें म्हणण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

याच 'ट्वायलाइट झोन'मध्यें आणखी एक बाहुला आहे, आणि आमच्या मतें प्रस्तुत विषयास तोच अधिक महत्त्वाचा. ४ मे १९६२ रोजीं 'द डमी' हा भाग झाला. त्यांतला नायक शब्दभ्रमाचे खेळ करणारा आहे. मांडीवरचा बाहुला स्वतःच्या मर्जीनें बोलतो अशी त्याची खात्री होत जाते, आणि अखेरीस बाहुला मालक होतो व मालक बाहुला. ही कल्पनाही अगदीं नवी नव्हती. १९४५ च्या 'डेड ऑफ नाइट' या विलायती चित्रपटांत मायकेल रेडग्रेव्ह यांनीं अशाच एका शब्दभ्रमकाराची भूमिका केली होती. म्हणजे भयकारी बाहुल्यांचीं घराणीं दोन ठरतात. एक खेळण्याचें: दुकानांतून विकत आणलेली, मुलाच्या अंथरुणांत झोंपणारी बाहुली. दुसरें रंगमंचाचें: कलावंताच्या मांडीवर बसून त्याच्याच आवाजांत बोलणारा बाहुला. पहिल्या घराण्यांतील भय असें कीं, आपण घरांत काय आणलें हें आपणांस ठाऊक नाहीं. दुसऱ्यांतील भय अधिक आंतलें आहे: आपल्या तोंडून कोण बोलतो हेंच आपणांस ठाऊक नाहीं. चकी पहिल्या घराण्यांतला. तात्या विंचू कोणत्या?

येथें काळाचा विचार करावा लागतो. १९६३ सालीं मुंबईस दूरचित्रवाणी नव्हती. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. तेव्हां अमेरिकेच्या त्या जुन्या खेळांचा प्रत्यक्ष संस्कार त्या काळच्या मराठी प्रेक्षकांवर झाला असें म्हणतां येत नाहीं. त्यांतील भय आधीं अमेरिकन चित्रपटांत उतरलें आणि तेथून आपल्याकडे आलें. बोलका बाहुला मात्र महाराष्ट्राच्या फार पूर्वींपासून ओळखीचा होता. प्रोफेसर य. के. पाध्ये यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या अर्धवटराव या बाहुल्यासह शब्दभ्रमाचे प्रयोग केले. त्यांचे चिरंजीव रामदास यांनीं १९६७ पासून तो वारसा पुढें चालविला, आणि पुढें दूरदर्शनमुळें अर्धवटराव घरोघर पोंचला. ज्याच्या नांवांतच विनोद आहे आणि जो मालकास बेधडक उलट बोलतो, तो बाहुला पाहून पिढ्यान् पिढ्या हंसल्या. कोणास भय वाटलें नाहीं, कारण ओंठ न हलवितां बोलणारा कलावंत शेजारींच बसलेला दिसत होता.

'झपाटलेला'नें तो कलावंत नजरेआड केला, आणि हंसविणाऱ्या हातांनींच महाराष्ट्रास भिवविलें. या चित्रपटांतील लक्ष्या हा लहान मूल नाहीं. बोलक्या बाहुल्यांच्या नादीं लागलेला तरुण आहे. हा फरक वरवरचा समजूं नये. त्यामुळें दुकानांतील खेळण्याच्या जागीं शब्दभ्रमकाराचा बाहुला आला. ज्याचा नादच बाहुल्यांना बोलकें करण्याचा, त्यानें बाहुला खरोखर बोलतो म्हणून सांगितलें तर विश्वास कोण ठेवणार? ही त्याची केविलवाणी अवस्था मूळ कथेंतल्या सहा वर्षांच्या अँडीहून निराळी आहे. सांगाडा 'चाइल्ड्स प्ले'चा खरा. पण त्यावर मांस चढलें तें दुसऱ्या घराण्याचें, 'द डमी'च्या जातीचें, आणि तें अमेरिकेहून आणावें लागलें नाहीं. तें पाध्यांच्या घरांत तयार होतें.

मंत्राचेंही तसेंच. एका देहांतून दुसऱ्यांत जीव नेण्यासाठीं अमेरिकन कथेस हैती बेटावरील व्हूडू धर्माची उसनवारी करावी लागली, आणि ती करतांना त्या धर्माची विटंबनाही झाली. मराठी प्रेक्षकास परकायाप्रवेश हा शब्द पोथीपासून ठाऊक आहे. शंकराचार्यांनीं अमरु राजाच्या देहांत प्रवेश केल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. ओझरपासून त्र्यंबकेश्वर फार दूर नाहीं, आणि त्या मुलुखांत नाथपंथाची परंपरा खोल रुजलेली आहे. तेथील घरांतून ज्याचें पारायण होतें त्या 'नवनाथ भक्तिसारां'त मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहांत प्रवेश करतात, आणि गुपित कळतांच राणी त्यांच्या मूळ देहाचे तुकडे करविते. गुपित फुटलें कीं जीव संकटांत, हें सूत्र आपल्या श्रोत्यांनीं चकीच्या जन्मापूर्वीं कितीतरी वर्षें ऐकलेलें होतें. आणखी एक बारकावा पाहावा. चकीचें मर्म हृदयांत आहे. तात्याचें मर्म दोन भुवयांच्या मध्यें ठेविलें आहे. योगशास्त्रांत भ्रूमध्याचें माहात्म्य काय आहे हें ज्यांस माहीत आहे त्यांस हा लहानसा बदल किती सहज आपल्या मातींत बसला हें सांगावयास नको.

राहिलें खलपुरुषाशीं आपलें नातें. त्यासाठीं पुन्हा ओझरच्या यात्रेकडे वळावें लागतें. चंपाषष्ठी हा मणि व मल्ल या दैत्यांवरील विजयाचा दिवस. परंतु मणीनें मरतांना देवाची करुणा भाकली, आपला पांढरा घोडा त्यास अर्पण केला आणि देवापाशीं ठाव मिळविला. मल्लाचें मस्तक देवळाच्या पायरीशीं पडलें, तरी देवाच्या मल्हारी या नांवांत त्याचें नांव राहिलेंच. आपली लोकपरंपरा दैत्याला मारते, पण गांवाबाहेर हांकलून देत नाहीं. त्याला ती पायरीशीं ठेवून घेते. कोठारे यांच्या बोलपटांतील खलांचीं नांवें आठवून पाहावीं. 'थरथराट'मधील (१९८९) टकल्या हैवान, 'धडाकेबाज'मधील (१९९०) कवट्या महाकाळ, आणि तात्याचा साथीदार कुबड्या खवीस. यांतील प्रत्येक नांव भय दाखवितें आणि त्याच दमांत गुदगुल्या करतें. 'तात्या' हें घरांतल्या वडीलधाऱ्याचें संबोधन आणि विंचू हा अंगणांतल्या दगडाखालचा जीव. या दोहोंची गांठ घालून ज्याचें बारसें झालें तो कितीही खून करो, परका राहूं शकत नाहीं. २०१३ सालीं 'झपाटलेला २' मध्यें तो परत आला तेव्हां त्याची नव्यानें ओळख करून देण्याची गरज पडली नाहीं.

हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. घेतांना एक मोलाची वस्तू मागें राहिली. मुलांच्या हट्टाचा व्यापार करणाऱ्या जाहिरातींवर रोंखलेला जो टीकेचा कांटा चकीच्या कथेच्या मुळाशीं होता, तो मराठी कथेंत आला नाहीं. त्याच्या जागीं आपल्याकडील बुवाबाजीवर तसाच कांटा रोंवतां आला असता. बाबा चमत्कार कथेंत आहे, पण त्याचा मंत्र खराच फळतो, म्हणून प्रश्न विचारण्यास जागा उरत नाहीं. ज्या २०१३ सालीं तात्या पुन्हा पडद्यावर आला त्याच सालीं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यास खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं त्यांनीं अनेक वर्षें वेंचलीं तो त्यांच्यामागें महाराष्ट्रांत संमत झाला. करमणुकीच्या बोलपटानें समाजसुधारणेचा भार वाहावा असें आमचें म्हणणें नाहीं. पण जो मांत्रिक पडद्यावर गमतीचा वाटतो त्याचेच भाऊबंद पडद्याबाहेर गरिबांच्या जिवावर उठतात, हें प्रेक्षकांनीं घरीं परततांना विसरूं नये.

मग निर्णय काय द्यावा? नक्कल म्हणून नाक मुरडणारे आणि अस्सल मराठी म्हणून छाती फुगविणारे, दोघेही अर्धाच हिशेब वाचतात. पहिल्यांस पाध्यांचे हात दिसत नाहींत. दुसऱ्यांस मॅन्सिनींची लेखणी दिसत नाहीं, आणि तिच्यामागील १९६३ ची ती किल्लीची बाहुली तर नाहींच नाहीं. उसनें घेणें हें कलेंत लांछन नाहीं. आपलीं आख्यानें, नाटकें व कादंबऱ्या दुसऱ्याच्या शेतांतलें बीं आणूनच वाढलीं आहेत. उणेपणा येतो तो ऋणाची नोंद न राहिल्यानें; कारण नोंद नसली म्हणजे कोणी सर्वच श्रेय घेतो आणि कोणी सर्वच नाकारतो.

ओझरच्या कारखान्यांत बांधलेलें विमान एकाच वेळीं रशियन आणि ओझरचें म्हणतां आलें, कारण आराखडा कोणाचा आणि जुळणी कोणाची हें दोन्ही कागदोपत्रीं लिहिलेलें होतें. मराठी चित्रपटाच्या इतिहासांत तात्या विंचूच्या नांवापुढेंही हे दोन रकाने भरले जावेत. पहिल्यांत 'चाइल्ड्स प्ले' आणि त्याच्या मागचे ते जुने दूरचित्रवाणीचे खेळ लिहावेत. दुसऱ्यांत बाहुल्याचे हात, मान व डोळे ज्यांनीं हलविले त्या रामदास पाध्ये यांचें नांव कथाकाराच्या बरोबरीनें लिहावें, आणि त्याच्या शेजारीं अर्धवटरावाचेंही.