घसरत्या चाकाची कथा

इतिहास म्हटला की राजांच्या लढाया आणि किल्ल्यांचे वेढे आठवतात. चाकाचा इतिहास कोणी सांगत नाही. पण ज्या मुलुखात मी राहतो, त्या हिंगोलीच्या काळ्या मातीत चाकाएवढा छळ कोणाचाच झाला नसेल. ‘चाकोरी’ हा शब्द आज आपण माणसांच्या आयुष्याबद्दल वापरतो. त्याचा मूळ अर्थ म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली खोल वाट, आणि ती कशी पडते हे पाहायचे तर श्रावणात कळमनुरीकडच्या एखाद्या पांदीत जावे. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी प्याली की फुगते, चिकटते. मग गाडीवान खाली उतरून चाकापुढे पऱ्हाट्या, तुराट्या टाकतो, एकजण मागून खांदा देतो, आणि बैल जोर करतात. चाकाला पकड मिळवून देण्याचा आमच्याकडचा हा सर्वांत जुना उपाय.

निजामाच्या अमदानीत पूर्णेहून हिंगोलीपर्यंत लहान रुळांची आगगाडी आली. वाफेच्या इंजिनांना वाळूची पेटी असे. रूळ ओला झाला आणि चाक जागच्या जागी फिरू लागले, की ड्रायव्हर नळीवाटे रुळावर वाळू सोडी. तत्त्व पऱ्हाट्यांचेच!

बैलगाडीचे एक बरे होते. तिची दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात, त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी धावले तरी तक्रार नाही. मोटारीत मात्र चाकांना इंजिनाने फिरवायचे असते. म्हणून मध्ये ‘डिफरन्शियल’ हे दातेरी चक्रांचे यंत्र बसवावे लागते. त्याचे पेटंट ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२७ साली घेतले, मोटारी जन्मण्याच्या कितीतरी आधी. या यंत्राचा एक स्वभावदोष आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात गेले, तर त्याला लागतो तेवढाच थोडका जोर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. चिखलातले चाक गरगर फिरते, दुसरे स्वस्थ बसते आणि गाडी हलत नाही.

यावरचा इलाज निघाला तो उलट वाटेने, म्हणजे ब्रेकांच्या अभ्यासातून. ब्रेक दाबताच चाक जाम होऊन विमान धावपट्टीवर घसरू नये, म्हणून डनलॉप कंपनीने १९५०च्या दशकात ‘मॅक्सरेट’ नावाची यांत्रिक युक्ती विमानांना बसवली. १९७१ साली अमेरिकेत ब्यूइक मोटारींत ‘मॅक्सट्रॅक’ आले. मागची चाके पुढच्यांपेक्षा वेगाने फिरू लागली की ते इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडी. पुढे १९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीज यांनी विजेवर चालणारी एबीएस ही ब्रेकव्यवस्था आणली. प्रत्येक चाकाची गती मोजणारा संवेदक त्यामुळे मोटारीत रुजला, आणि त्याच मोजमापावर १९८०च्या दशकात आजचे ‘ट्रॅक्शन कंट्रोल’ उभे राहिले. ते घसरणाऱ्या चाकाला हलकेच ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते.

हे सारे मला एका मास्तरांमुळे नीट समजून घ्यावे लागले. मास्तर आमचे शेजारी. आठवड्यातून दोनदा ते पत्नीला डायलिसिससाठी नांदेडला नेतात. खाडा चालत नाही. गेल्या भाद्रपदात त्यांच्या मोटारीत घसरत्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा लागला आणि शेजारी एबीएसचाही. एका मोठ्या शहरातल्या कारखान्याने टेलिफोनवरच सांगितले, सारे नियंत्रण-यंत्र बदला. आकडा ऐकून मास्तर गप्पच झाले.

हिंगोलीतला आमचा मिस्त्री मात्र घाई करणारा नव्हे. “मास्तर, दिवा लुकलुकतो का स्थिर राहतो?” हा त्याचा पहिला प्रश्न. लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्रणा काम करते आहे. स्थिर दिवा म्हणजे तिने स्वतःच हात टेकले. साधे ब्रेक लागतात, पण घसरताना मदत मिळत नाही. मग त्याने चारी टायरांची मापे वाचली, कारण एक टायर लहान असला तर त्याचे फेरे जास्त होतात आणि यंत्राला ते घसरणे वाटते. बॅटरीचा दाब पाहिला. त्यानंतरच स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्याने तपासणीचे यंत्र जोडले. संकेत निघाला: सी-००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या गती-संवेदकाचे मंडल.

“हा नंबर गल्ली सांगतो, घर नाही,” मिस्त्री म्हणाला. मंडलात संवेदक आला, तार आली, प्लग आला, चाकावरचे कडेही आले. मला शेजारी बसवून त्याने गाडी सावकाश चालवली. पडद्यावर तीन चाके वीसचा वेग दाखवीत होती. चौथे मध्येच शून्यावर येई. चाक उतरवले तर आत वाळलेल्या काळ्या मातीचा नारळाएवढा गोळा! त्याच्या ओझ्याने तार चिमट्यापाशी ओढली गेली होती. वरून अखंड दिसणारी ती तार बोटांनी वाकवली की आकडा जाई, सोडली की येई. आतले तांबे तुटले होते.

तारेला जोड देऊन भागले असते, असे मास्तरांना वाटले. मिस्त्रीने मानले नाही. चाक वळते, उसळते, तिथे जोड टिकत नाही. तारेसकट नवा संवेदक आला. मधली एक फेरी मास्तरांनी भाड्याच्या मोटारीने केली. बसवल्यावर मिस्त्रीने जुना संकेत पुसला, औंढ्याच्या रस्त्याने गाडी फिरवून चारही आकडे एकत्र चढता-उतरताना पाहिले, आणि मगच किल्ली परत दिली. यंत्र-बदलाच्या आकड्यापुढे हा खर्च अगदीच किरकोळ होता.

भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, तेव्हा हे संवेदक आता आमच्या पांदीपर्यंत आले आहेत. मिस्त्रीने मास्तरांना जाताना दोन गोष्टी बजावल्या. पावसाळ्यात चाकामागची माती ओली असतानाच साध्या पाण्याने धुवावी, जोराचा फवारा तारेच्या प्लगवर मारू नये. आणि गाडी खरोखरच चिखलात रुतली, तर ट्रॅक्शन कंट्रोलचे बटण थोडा वेळ बंद करून पाहावे, कारण इंजिनाचा जोर ते नेमका तेव्हाच कापते.

“आणि तरीही नाही निघाली तर?” मास्तरांनी विचारले.

“तुराट्या आहेतच की,” मिस्त्री म्हणाला.