गायबांधा प्रारूप

उत्तर बांगलादेशाच्या गायबांधा जिल्ह्यातील अपंग-समावेशक पूरसज्जता कार्यक्रम. ब्रह्मपुत्रा व तिस्ता यांच्या पुरात येथील चर, म्हणजे नदीपात्रातील वाळूची बेटे, वारंवार बुडतात. सीबीएम या आंतरराष्ट्रीय संस्थेने हा कार्यक्रम २००९ पासून सेंटर फॉर डिसॅबिलिटी इन डेव्हलपमेंट व गण उन्नयन केंद्र या स्थानिक संस्थांमार्फत राबविला. अपंगांचे स्वयंसहायता गट, आपत्ती समित्यांत त्यांचे प्रतिनिधित्व, उंच जोत्याची घरे आणि व्हीलचेअर चढू शकेल अशी बचावनौका ही त्याची अंगे.

अशा कार्यक्रमाच्या मूल्यमापनात गटांची मोजदाद सोपी. तिने फारसे काही कळत नाही. बहिऱ्या माणसाला पुराचा इशारा कोणी, कसा दिला? निवाऱ्यातील शौचालयाची कडी बसल्याजागी हाताला येते का? लाभार्थी ठरवताना ‘अपंग आहात का?’ असे विचारल्यास पुष्कळजण नकार देतात. म्हणून पाहणे, ऐकणे, चालणे, स्मरण, स्वतःची देखभाल व संवाद यांतील अडचणींविषयीचा, अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन गटाचा सहा प्रश्नांचा संच वापरतात. मुलाखतीत घरच्यांनीच परस्पर उत्तरे देणे ही नेहमीची अडचण. स्थानिक संस्थेचा कार्यकर्ता दुभाषा म्हणून शेजारी बसला, तर त्याच संस्थेविरुद्धची तक्रार सहसा नोंदली जात नाही.